बेमीचा ‘ल’

परीक्षा बाबांची होती आणि तोंड बंद ठेवायची शिक्षा इरावतीला.

“नातेवाइकांनी मध्ये बोलायचं नाही, प्लीज,” जोशनं हसतच बजावलं. जोश हा क्लिनिकमधला स्मरणशक्ती तपासणारा तरुण. लंडनहून ब्रिस्टलला येऊन तीन महिने झालेले. हल्ली अर्धं लंडन इथं येऊन पडलंय. बेमीला, शहराच्या ह्या जुन्या वस्तीला, ‘बेडमिन्स्टर’ म्हणणारी माणसं! नकाशा वाचून शहर कळतं असं त्यांना वाटतं.

विष्णू रेवाळे, वय एकोणऐंशी. एकतीस वर्षं ह्याच शहरात बस चालवलेली. डिसेंबरात गॅस चालू ठेवून झोपले, शेजारच्या एलिझाबेथला वास आला म्हणून वाचले. आज तीस मार्कांवर ठरणार होतं, बाबांनी आपल्या घरात एकट्यानं राहायचं की नाही. इरावतीच्या पर्समध्ये लंडनजवळच्या ब्रॅकनेलच्या वृद्धाश्रमाचा फॉर्म होता, सही तेवढी बाकी. तिच्या ऑफिसपासून दहा मिनिटांवर. बाबांनी तो वाचला आणि मालवणीत एवढंच म्हणाले, “मी हंयच रवतलंय.” मी इथंच राहणार.

पेशंटची मातृभाषा मराठी, म्हणून क्लिनिकनं दुभाषी लावली होती. स्क्रीनवर, लेस्टरहून, वरदा. पुण्याहून येऊन आठ महिने झालेली, इस्त्रीच्या मराठीतली गोड मुलगी. आणि घोळ तिथंच होता.

बाबा अकराव्या वर्षी मालवणातून पुण्याच्या शाळेत आले, ‘कुठं’ऐवजी ‘खंय’ म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला. गुरुजीसुद्धा. दोन वर्षांत बाबांनी जिभेवरचं मालवण खरवडून काढलं. पुढं बहात्तर साली बेमीत खोली घेतली, तर काय! इथली माणसं हेल काढून बोलणारी, ‘र’ लोळवणारी, आणि लंडनवाले त्यांना हसणारे. “ही तर आमचीच माणसं गो!” बाबा म्हणाले आणि तीच बोली उचलली. बसमधून उतरताना बायका त्यांना “चिअर्स, माय लव्हर” म्हणायच्या; इथं ते कुणालाही म्हणतात, ‘बाबा रे’ म्हणावं तसं. ते ऐकून पुण्याची आई, मधुमती, आठवडाभर बोलली नव्हती.

आणि तो ‘ल’. बेमीची जुनी माणसं ‘आ’वर संपणाऱ्या शब्दाला शेपटीला ‘ल’ लावतात. एरियाचं एरियाल, आयडियाचं आयडियाल. “मराठीत शेपटीला ल लावला की भविष्यकाळ. जाईल, येईल,” बाबा म्हणायचे. “ह्या लोकांनी सगळ्याच गोष्टींना भविष्यकाळ लावून ठेवलाय.” एलिझाबेथनं इरावतीची आधी इरा आणि मग इराल केली, आणि गल्लीनं तेच धरलं.

ह्याच इरालला युनिव्हर्सिटीत पोरं हसली. मग तिनंही जीभ खरवडली. आता ऑफिसात ती असं इंग्रजी बोलायची की ती कुठली हे कुणाला कळू नये. बापानं पुण्यात केलं तेच लेकीनं केलं, आणि दोघांनाही शाबासकी मिळाली. लाज विकायला बसलेल्यांना गिऱ्हाईक कधी कमी पडत नाही.

“आजोबा, आत्ता आपण कुठे आहोत?” वरदानं विचारलं.

“ट्रामवेज सेंटर.”

वरदानं भाषांतर केलं. जोशनं भुवई उंचावली. “ब्रिस्टलमध्ये ट्राम नाही,” तो पुटपुटला आणि शून्य लिहिलं.

ट्राम दुसऱ्या महायुद्धातच बंद पडली. पण क्लिनिकसमोरच्या चौकाचं ते नाव जुन्या माणसांनी सोडलं नव्हतं. इरावतीनं पर्सचा पट्टा आवळला.

“इथपर्यंत कसे आलात?”

“बेमीतनं. कटावरनं. बनानालवरनं चालत. ही होती सोबत, विचारा.”

स्क्रीनवर वरदा गडबडली. “ते म्हणतात, ते एका… कापलेल्या जागेवरून आले. बहुतेक केळ्यावरून. चालत.”

जोशच्या चेहऱ्यावर दया आली. तीच इरावतीला डसली. पेन पुन्हा शून्याकडे वळलं.

“माझं नाव आठवतंय का, आजोबा?”

“वरदाल,” बाबा मायेनं म्हणाले.

“नाही आजोबा, वरदा.”

“तेच म्हणतोय ना, वरदाल!”

पेन खाली टेकलं. बाबांनी इरावतीकडं पाहिलं. मदत मागत नव्हते. त्यांना फक्त कळत नव्हतं की आता आपलं काय चुकलं. अकरा वर्षांचा मुलगा पुण्याच्या वर्गात असाच उभा राहिला असणार.

आणि इरावतीच्या तोंडून पंचवीस वर्षं कोंडलेली बेमीची इंग्रजी फुटली. ‘र’ लोळले, हेल निघाला. “कट म्हणजे नदीचा कालवा! बनानाल म्हणजे त्याच्यावरचा पिवळा पूल, इथलं शेंबडं पोर सांगेल तुला! इथं उभं राहून ट्रामवेज सेंटर म्हणणारा माणूस हरवलेला नाही, माय लव्हर. हरवलायस तू!”

स्क्रीनवर वरदा हळूच म्हणाली, “ह्याचं भाषांतर करू का?”

“नको,” जोश म्हणाला. “कळलं.” कान लाल झाले होते त्याचे, पण पोरगा मनानं वाईट नव्हता. त्यानं तीन शून्यं खोडली. मग खुर्ची जवळ ओढून सांगितलं की तारीख मात्र चुकलीय, आणि लक्षात ठेवायला दिलेल्या तीन शब्दांपैकी एकच आठवला. विसरणं सुरू झालंय, पण थोडं. सहा महिन्यांनी पुन्हा बघू, इथल्याच माणसाला बसवून. तोवर घरीच राहू देत, गॅस काढून विजेची शेगडी बसवा, कुणीतरी येऊन-जाऊन असावं.

परतताना बस घेतली. उतरताना बाबा इथल्या जुन्या रीतीनं ड्रायव्हरला मोठ्यानं “चिअर्स, ड्राइव्ह!” म्हणाले. कानात इअरफोनची बोंडं घातलेली नवी पोरं मुकाट उतरली. इरावती थांबली आणि तिनंही म्हटलं. ड्रायव्हरनं हात उंचावला.

दारात बाबांनी किल्ली दोनदा उलटी घातली. तिसऱ्यांदा लागली.

“सुरू झालंय, माका म्हायत आसा,” ते पाठमोरेच म्हणाले. “एक दिवस पुलाचं नावही जाईल. पण जायचं ते इथं जाऊ दे. इथं मी विसरलो तरी कुणीतरी ते नाव म्हणत असेल.”

“ब्रॅकनेलचं राहू दे, बाबा,” ती म्हणाली. “दोन दिवस घरून काम करता येतं मला. तो इथून पण होतो.”

‘तो नव्हे, ते,’ असं आई म्हणाली असती.

“मग गुरुवारी येशील, चेडवा?”

“मी येईल.”

आई असती तर हेही जन्मभर सुधारलं तसं सुधारलं असतं: येईल नव्हे, येईन म्हण. बाबांनीही तोंड उघडलं, मग मिटलं. ओठांतल्या ओठांत तो शब्द शेपटीच्या ‘ल’सकट एकदा घोळवून पाहिला, चाखल्यासारखा.

“बरोबर,” ते म्हणाले. “ये, इराल.”