कपाळ गार, काखेत ताप

"छत्तीस! पास! यल्ला, आगे!"

आखातातल्या हिद्द गावच्या लेबर कॅम्पच्या मेसमध्ये अर्शद वॉचमनने ताप मोजायची बंदूक एका कपाळासमोर धरून आकडा ओरडला, तशी रांगेतली साठेक माणसं गरजली, "सुयोगमहाराज की जय!" दोन मिनिटांपूर्वी याच कपाळाने याच बंदुकीवर एकोणचाळीस दाखवले होते. मधे झालं एवढंच, की महाराजांनी ओलं भस्म थापलं, मास्क हनुवटीखाली ओढला आणि कपाळावर लांबलचक फुंकर मारली.

फुंकर! कोरोनाच्या साथीत, तोंडावर! दारात उभ्या असलेल्या अ‍ॅग्नेसने स्वतःचा मास्क नाकावर घट्ट दाबला.

अ‍ॅग्नेस मूळची वसईची, सलमानियातल्या सरकारी हॉस्पिटलात चौदा वर्षं नर्स. आज ती सरकारच्या टेस्टिंगच्या बसबरोबर कॅम्पात आली होती. टेस्ट फुकट, औषध फुकट, आजाऱ्याला वेगळी खोली. तरी दोनशेंपैकी आले फक्त सातजण. बाकीचे "पास"! आणि त्या पासवाल्यांत विठ्ठलही आहे, असं तिला बसजवळ कळलं होतं. गुहागरचा हा विठ्ठल चार वर्षं तिला व्हॅनने ड्युटीवर सोडायचा. तीन दिवस तो आला नव्हता.

"मशीन कुणाचं? सरकारचं!" महाराजांची टकळी चालूच होती. मार्चपर्यंत हेच महाराज याच कॅम्पात एसी दुरुस्त करत होते. "आकडा कुणी दिला? मशीनने! कोरोनामाई प्रसन्न झाली. पण आता टेस्ट करायची नाही हां, माई रुसते!"

बघा कमाल! माईला भस्म चालतं, फुंकर चालते, वावडं काय ते फक्त टेस्टचं.

विठ्ठल भिंतीला टेकून बसला होता. कपाळ भस्माने पांढरंफटक, ओठ काळसर.

"काय नाय ओ सिस्टर," तो म्हणाला. "पास झालोय. उद्या... गाडीवर येतो."

एवढं बोलायला त्याला तीनदा थांबावं लागलं.

"टेस्ट का नाही केलीस रे?"

"कंपनी घरी पाठवील ओ. महाराज बोलले... नाव लागलं की व्हिसा खलास."

अ‍ॅग्नेसने त्याच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. ब्याऐंशी! ऑक्सिजन हवा पंच्याण्णवच्या वर. ताबडतोब अ‍ॅम्ब्युलन्स बोलावून तिने त्याच्या काखेत थर्मामीटर ठेवला.

"मला नका ओ नेऊ," विठ्ठल हात झटकू लागला. "मी पास..."

"अर्शदभाई, इसके माथे पे लगाओ," ती म्हणाली.

"पैंतीस नौ," अर्शदने वाचलं.

तिने काखेतला थर्मामीटर काढून सगळ्यांना दाखवला. एकोणचाळीस सहा. रांगेत चुळबुळ झाली. एका माणसाला दोन-दोन ताप?

"काखेत माईची सावली राहिलीय," महाराज बेधडक म्हणाले.

"अगं बाई, सावली का!" अ‍ॅग्नेसने वाटीतलं भस्म बोटावर घेऊन हुंगलं. कापूर, पेपरमिंटचा अर्क आणि मेसच्या दारावरचा सॅनिटायझर. तिने बोटभर भस्म खुद्द महाराजांच्या कपाळावर थापलं आणि टेबलफॅन त्यांच्याकडे वळवला. "अर्शदभाई, अब इनका."

अर्शदने दोनदा बघितलं. "सिस्टर, नंबर ही नहीं आता. 'लो' लिखा है."

"म्हणजे मशीनच्या हिशेबाने महाराज गार पडले! बसलेत मात्र समोर." कुणीतरी खिक् करून हसलं. "अरे, सॅनिटायझर उडून जाताना कातडीची उष्णता घेऊन जातो. वर फुंकर, मग काय बघायचं! बंदूक मोजते नुसती कातडी. आतला ताप तसाच राहतो. जन्म एसी दुरुस्त करण्यात घालवलेल्या माणसाला हे कळत नव्हतं होय?"

मग तिने महाराजांच्याही काखेत थर्मामीटर खुपसला. अडतीस चार.

महाराजांचा चेहरा खर्रकन उतरला. बाहेर अ‍ॅम्ब्युलन्स आली, तसे ते उठून दाराकडे धावले. "सिस्टर, मला आधी न्या! दम लागतोय!"

"भस्म लावा की महाराज!" रांगेतून आवाज आला.

अ‍ॅग्नेसने त्यांच्या बोटाला ऑक्सिमीटर लावला. सत्त्याण्णव. तिला इतकी किळस आली, की थुंकावंसं वाटलं. "तुम्ही बसकडे चला, टेस्ट करा. आधी विठ्ठल जाईल."

विठ्ठलने ते सगळं बघितलं. मग बाहीने स्वतःच कपाळ पुसलं आणि स्ट्रेचरवर निमूट आडवा झाला. त्याच्यामागे एकेकाने कपाळ पुसलं आणि टेस्टिंगच्या बसपुढे रांग लागली.

विठ्ठल सतरा दिवसांनी बरा झाला. नोकरी गेली नाही, व्हिसाही गेला नाही. त्याच्या खालच्या बंकवरचा लतीफ मात्र दोन दिवस "पास" होऊन पांघरुणात पडून होता. त्याला त्याच संध्याकाळी नेलं, पण उशीर झाला होता. तो वाचला नाही.

चमत्काराशिवाय नमस्कार नाही, म्हणतात. नमस्कार करा हो, पण त्याआधी वाटीत काय आहे ते हुंगून बघा, आणि ताप लपवू नका. लपवलेला ताप आपल्याबरोबर शेजाऱ्यालाही नेतो.

विठ्ठल पुन्हा गाडीवर आला, त्या सकाळी त्याने व्हॅनच्या दारातच थर्मामीटर पुढे केला.

"मला? अरे, मी नर्स आहे!" अ‍ॅग्नेस म्हणाली.

"असाल ओ सिस्टर. लतीफपण पासच होता. काखेत धरा, मग बसा."

तिने मुकाट्याने धरला.