‘आलो की’ आणि ‘आलो तर’

नऊ वर्षं कादिर जर्मनीहून फोनवर एकच शब्द म्हणायचा, ‘गेलिन्जे’. म्हणजे आलो की. आलो की छप्पर घालू, आलो की विहीर खणू. तुर्कस्तानात योझगातजवळच्या गावात त्याची बायको गुल्सेरेन त्या ‘की’वर नऊ हिवाळे जगली.

रविवारी तो म्हणाला, ‘गेलिर्सेम’. आलो तर.

शेजारी सासू द्राक्षाच्या पानांत भात गुंडाळत होती. फोन मोठ्या आवाजावर होता. तिचे हात थांबले.

“काय म्हणालास? पुन्हा म्हण,” गुल्सेरेन म्हणाली.

“वसंतात आलो तर छप्पर घालू म्हटलं. झालं काय?”

“‘की’चा ‘तर’ झाला.”

“अगं, जीभ घसरली! एवढ्यावरून वकिली कसली करतेस?”

घसरली म्हणे! नऊ वर्षांत एकदाही घसरली नव्हती. मनात ठरलं की जिभेवर येतंच, आणि बायकोनं मात्र ते ऐकलं नाही असं दाखवायचं.

“मग माझाही शब्द ऐक. ‘गेलेजेक्सेन’. येणार असशील तर आज तारीख सांग. नसशील तर शहरातल्या शिवणकारखान्यात मी उद्या रुजू होते. तुझी वाट बघते म्हणून दोनदा नाही म्हटलंय त्यांना.”



“बघतो,” कादिर म्हणाला आणि फोन ठेवला.

गुल्सेरेननं सासूकडे पाहिलं. मुलगा तिचा होता. ती काय म्हणेल सांगता येत नव्हतं.

“पोरी,” सासू म्हणाली, “बघतो नावाचा महिना कॅलेंडरात नसतो. सकाळची बस सातला सुटते.”