हरभऱ्याएवढा उजेड

रविवारी भंडारदऱ्याला आमच्या शाळेची पक्षीगणना, आणि दुर्बीण निवडायची जबाबदारी सरांनी चक्क माझ्यावर टाकली! "रूथ, एकच घेता येणार आहे. नीट बघून आण," एवढंच म्हणाले. सातवीपर्यंत वर्गात तोंड न उघडणारी मी, मैत्रीण एंजेलाला घेऊन ऐटीत श्रीरामपूरच्या बाजारात शिरले.

दुकानदार आबासाहेबकाकांनी सगळ्यात मोठी दुर्बीण पुढे ठेवली. "ही घ्या. वीस पट! शिंगणापूरची गर्दी हितनं मोजाल."

एंजेलानं ती लांबच्या पाण्याच्या टाकीवर रोखली. "रूथ, रंगाचे पोपडेसुद्धा दिसतायत! घेऊन टाक."

मलाही मोह झाला. पण पक्षी काय भर उन्हात टाकीवर बसून राहणारेत? आम्हाला ते पहाटे बघायचेत, दाट झाडीत. मी दुर्बीण हातभर लांब धरली. डोळ्याला लावायच्या काचेत उजेडाचा ठिपका दिसला, ज्वारीच्या दाण्याएवढा. शेजारच्या आठ पटीच्या छोट्या दुर्बिणीत तोच ठिपका हरभऱ्याएवढा! म्हणजे हिच्यातून डोळ्यात उजेड जास्त येणार? नुसत्या अंदाजावर कशी घ्यायची?

"काका, दिवेलागणीपर्यंत थांबू का?"

"आता दुर्बिणीचा मुहूर्त काढतीस व्हय?" काका हसले, पण चहा मागवला.

अंधारून आलं तसे आम्ही तिघं दुकानामागच्या चिंचेखाली गेलो. ढोलीपाशी काहीतरी हललं. मोठीतून पाहिलं, तर नुसता काळोख, तोही माझ्या हातांबरोबर थरथरणारा. छोटीही अशीच निघाली तर सरांना काय सांगू?

छोटी डोळ्यांना लावली.

पिंगळा! इवलंसं घुबड. पांढऱ्या भुवया, छातीवरचे ठिपके, एकेक पीस वेगळं. पिवळेजर्द डोळे थेट माझ्यावर. त्यानं दोनदा मान खाली-वर केली. मला तपासत होता की काय! एवढा देखणा जीव रोज इथं बसतो, आणि आम्ही पुढच्या रस्त्यावर रिक्षाला हात करत उभ्या असतो!

एंजेलानं दुर्बीण ओढून घेतली आणि मोठीकडे पुन्हा वळूनही पाहिलं नाही.

"हीच," मी म्हणाले. "बांधून द्या, काका."

बांधण्याआधी काकांनी ती सहज डोळ्यांना लावली. मग चर्चमध्ये प्रार्थना चालू असताना बोलावं तशा आवाजात म्हणाले, "तीस वर्षं हाय माझं दुकान हितं. ह्यो कवा आला?"

मी रिकामा खोका हातात घेऊन उभी. काका काही दुर्बीण खाली ठेवेनात.