सोळा ठोक्यांची शांतता

तीन वर्षं मी एकाच सुराच्या मागे होते आणि तो निघत नव्हता. खालचा दो, सरगमातला पहिला सूर. सॅक्सोफोनच्या पार तळाशी बसलेला, जाडजूड, आळशी सूर. सगळी बोटं दाबायची, सगळी भोकं बंद करायची आणि फुंकायचं, बस. मी फुंकलं की आधी नुसती हवा यायची, मग थुंकी, मग कुठलातरी भलताच वरचा सूर, बदकाची मान मुरगळल्यासारखा.

हे सगळं आमच्या बटाट्यांच्या खोलीत चालायचं. पुलाजवळ आईचं फ्राइजचं दुकान आहे आणि मागच्या खोलीत बटाट्यांची पोती. घरात वाजवायची सोय नव्हती, कारण शेजारच्या मादाम कोलिने यांनी एकदा दार वाजवून आईला विचारलं होतं, "कुणी आजारी आहे का हो तुमच्याकडे? रात्रीपासून कण्हतंय."

आई म्हणाली होती, "नाही हो. आमची पेरीन संगीत शिकते."

"अरे देवा," मादाम कोलिने म्हणाल्या आणि मनापासून वाईट वाटल्यासारखा चेहरा करून गेल्या.

आमच्या मोंवाल गावच्या बँडमध्ये वाद्य बँडचंच असतं, शिकणाऱ्याला ते उसनं देतात. दोन वर्षं शिकायचं, मग नोव्हेंबरात, संगीतकारांची संत सिसिलिया हिच्या सणाच्या रविवारी चर्चमध्ये सगळ्यांबरोबर बसून वाजवायचं, आणि दुपारी जेवणाआधी सगळ्यांसमोर डोक्यावर निळी टोपी चढते. एकदा टोपी मिळाली की वाद्य तुमच्याकडे, अगदी म्हातारे होईपर्यंत. नाही जमलं तर एक वर्ष वाढवून मिळतं. ते मी वापरून बसले होते. ह्या नोव्हेंबरात जमलं नाही तर माझा सॅक्सोफोन सिडोनीकडे जाणार होता. सिडोनी नऊ वर्षांची. ती अधूनमधून दुकानात फ्राइज घ्यायला यायची आणि काउंटरवर हनुवटी टेकवून विचारायची, "तू तो नीट पुसतेस ना गं? आतून पण?"

मला ती टोपी का हवी होती ते सरळच सांगते. शाळेत मी असून नसल्यासारखी होते. हजेरीला "हजर" म्हणायचं आणि दिवसभर गप्प. पण बँडमध्ये तिसरा सॅक्सोफोन मधोमध बसतो, एका बाजूला शिंगं, दुसऱ्या बाजूला क्लॅरिनेट, मागे ढोल. तो भाग लोकांना ऐकूसुद्धा येत नाही, पण त्याच्यावर बाकीचे उभे असतात. मला तिथे बसायचं होतं. सगळ्यांच्या मध्ये, आवाजाच्या पोटात.

आमचे शिक्षक आणि बँडमास्टर एकच, लाम्बियोत सर. त्यांचा सगळ्यावर एकच उपाय. "हवा, पेरीन! हवा दे!" मी दिली. मान फुगेपर्यंत दिली, कान बंद होईपर्यंत दिली. खालचा ओठ दातांनी इतका दाबायचे की आतून सोलून निघायचा आणि टोमॅटोचं सूप पिताना डोळ्यांत पाणी यायचं. घड्याळ समोर ठेवून एकच सूर वीस सेकंद धरायचा, असं पन्नास वेळा, हे त्यांनीच सांगितलं होतं. माझा सात सेकंदांत मरायचा. मग मी पोत्याला लाथ मारायचे. मग पोत्यात तोंड खुपसून ओरडायचे. आई बाहेरून म्हणायची, "हे बरं होतं. हे काय वाजवलंस?"

सप्टेंबरमध्ये मी तीन दिवस सॅक्सोफोनची पेटी उघडलीच नाही. पहिल्या दिवशी मजा वाटली. तिसऱ्या दिवशी मी नुसती पेटीशेजारी जाऊन बसले, बटाटे सोलत. माझं मलाच कळेना की मी रुसले कुणावर आहे.

मग ऑक्टोबरमध्ये फेर्नांकाकांनी तो शोध लावला. फेर्नांकाका म्हणजे बँडमध्ये तिसऱ्या सॅक्सोफोनचा भाग वाजवणारे एकमेव माणूस. वय एकोणऐंशी. मला टोपी मिळाली की मी त्यांच्याच शेजारी बसणार होते. तालीम संपल्यावर त्यांनी माझं वाद्य सहज हातात घेतलं, फुंकलं आणि त्यांच्याही तोंडून बदक निघालं.

"हे गळतंय गं!" ते म्हणाले. "हे वाद्य आहे का चाळणी?"

पुढच्याच शनिवारी आई मला दिनाँ शहरात दुरुस्तीवाल्याकडे घेऊन गेली. त्याने खोलीतला दिवा मालवला, दोरीला बांधलेला एक छोटा बल्ब सॅक्सोफोनच्या नळीत सोडला आणि मला म्हणाला, "दाब सगळ्या कळा. घट्ट." मी दाबल्या. चार ठिकाणांहून उजेड बाहेर आला. भोकांवर बसणाऱ्या चामड्याच्या गाद्या झिजल्या होत्या आणि त्यांच्या कडेने पिवळी रेघ दिसत होती, दाराच्या फटीतून दिसते तशी.

"किती दिवस वाजवतेयस ह्याच्यावर?"

"तीन वर्षं."

"तीन वर्षं! छाती आहे का लोहाराचा भाता?"

मी त्या अंधारात रडले. आनंदाने, खरंच. माझी चूक नव्हती! तीन वर्षं माझी चूक नव्हतीच! परतीच्या बसमध्ये मी आईला हे इतक्यांदा सांगत सुटले की शेवटी ती म्हणाली, "अगं श्वास घे. वाजवताना लागेल तो."

चार दिवसांनी वाद्य परत आलं. नव्या गाद्या, सगळं घट्ट. मी बटाट्यांच्या खोलीत गेले, दार लावलं, बोटं दाबली, आणि फुंकलं.

किंचाळी निघाली. पूर्वीचं बदक बरं असं काहीतरी. परत फुंकलं. परत तेच. खालचा दो सोडा, ज्या सुरांवर माझा भरवसा होता तेही उडी मारून कुठच्या कुठे जाऊ लागले.

लाम्बियोत सरांनी ऐकलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तू गळक्या वाद्यावर शिकलीस, पोरी. अर्धी हवा बाहेर जायची, म्हणून दुप्पट फुंकायला शिकलीस. सूर निसटायचा म्हणून चावायला शिकलीस. आता वाद्य धड आहे आणि तू तशीच आहेस."

"मग काय करू?"

"विसर ते सगळं."

"विसरायला किती दिवस लागतात?"

"दिवसांत नाही होत ते," सर म्हणाले. "आणि चूक माझी आहे. मी तीन वर्षं नुसता हवा हवा करत बसलो. एकदाही वाद्य हातात घेऊन पाहिलं नाही."

त्यांनी चूक कबूल केली ह्याचा मला काही उपयोग नव्हता. सिसिलियाच्या रविवारला तीन आठवडे राहिले होते. मी हळू फुंकायला गेले तर आवाजच येईना. दात सैल सोडायला गेले तर सगळं तोंडच सैल पडे, आणि चिडले की जबडा आपोआप आवळे. आणि मी चिडलेलीच असायचे! म्हणजे न चिडणं हाच धडा होता आणि त्याचंच मला चिडायला होत होतं. दोन आठवड्यांनी आईने विचारलं, "थोडं तरी सुधारतंय का गं?" मी खरं सांगितलं. नाही. तिने माझ्यासमोर फ्राइजचा पुडा ठेवला, वरून मेयोनीज जरा जास्तच. ओठाला मीठ झोंबलं आणि तेही खाता आलं नाही.

शेवटच्या तालमीनंतर सरांनी मला बाजूला घेतलं.

"पेरीन, मासा हो."

आमच्या बँडमध्ये ह्याला मासा होणं म्हणतात. तोंडाला लावायचं, बोटं हलवायची, गाल थोडे फुगवायचे, आणि फुंकायचं नाही. सर्दी झाली, सराव झाला नाही, आदल्या दिवशी लग्नात जास्त झाली, की माणूस मासा होतो. कुणी कुणाला विचारत नाही, कुणी कुणाला सांगत नाही.

"पण टोपी?"

"टोपी मिळेल. वाद्य तुझ्याकडे राहील. मग विसरायला हवा तेवढा वेळ आहे. शेजारी फेर्नां आहे, तो सांभाळेल. मधे तुम्ही दोघंच वाजवता तो तुकडा त्याला तोंडपाठ आहे. सोळा ठोके, बस."

मी दोन दिवस नाही म्हणत होते, मनातल्या मनात. तिसऱ्या दिवशी सिडोनी दुकानात आली आणि विचारून गेली, "पेटीची किल्ली पण मिळते का गं?" त्या रात्री मी हो म्हटलं.

रविवारी चर्च भरलं होतं. मी मधोमध बसले होते, शिंगं आणि क्लॅरिनेट यांच्या मध्ये, आणि बँड सुरू झाला तेव्हा लाकडी फरशी तळपायांना खालून थरथरताना जाणवली. मला हवं होतं ते बरोबर असंच होतं, आणि मी त्यात नव्हते. मी बोटं हलवत होते. एकही चुकलं नाही. गाल फुगवले. आई चौथ्या बाकावर, तिने डोळे पुसले ते मी पाहिलं आणि मला मरून जावंसं वाटलं.

मग आमचा तुकडा आला. सगळे थांबले. सरांनी आमच्याकडे हात केला.

काहीच वाजलं नाही.

मागे ढोल आपला चालू होता. ढुम. ढुम. मी फेर्नांकाकांकडे पाहिलं. त्यांची बोटं व्यवस्थित हलत होती, गाल फुगले होते, आणि ते माझ्याकडे पाहत होते. डोळे इतके मोठे करून! ढुम. ढुम. फादरना वाटलं संपलं, ते उठून उभे राहिले. ते उठले म्हणून पहिले दोन बाक उठले. कुणीतरी "आमेन" म्हणालं. मला फुंकता आलं असतं का? आलं असतं, पण काय निघालं असतं ते मला माहीत होतं. मी जबडा आवळून बसून राहिले. सोळाच्या सोळा ठोके.

बाहेर पडल्या पडल्या फेर्नांकाकांनी माझा दंड धरला. "तू का नाही फुंकलंस?"

"तुम्ही का नाही?"

"अगं माझे दात!" त्यांनी तोंड उघडून दाखवलं. वरची सगळी कवळी नवी कोरी. "शेवटच्या तालमीनंतर बसवली. फुंकलं की बाहेर येते. म्हटलं, पोरीचं वाद्य दुरुस्त झालंय, ती सांभाळेल, आपण मासा व्हावं."

हॉलमध्ये जेवणाची टेबलं मांडली होती. बँडच्या अध्यक्षा मादाम वोतले टोपी घेऊन उभ्या होत्या. त्या काही बोलायच्या आत फेर्नांकाका उठले.

"चूक माझी," त्यांनी मोठ्याने सांगितलं. "दातांनी दगा दिला. पोरगी वाजवत होती, हळू, पण मी ऐकलं. टोपी द्या तिला."

लोक हसले, टाळ्या वाजल्या. "नवा मासा फेर्नां!" ढोलवाला ओरडला. मादाम वोतलेंनी टोपी उचलली, माझ्या केसांना तिचा काठ लागला. मी एक शब्दही बोलायची गरज नव्हती. गप्प बसणं तर मला उत्तम जमायचं.

"मी वाजवत नव्हते," मी म्हणाले.

एवढ्या लोकांसमोर मी पहिल्यांदाच बोलले असेन. आवाज केवढातरी मोठा आला. "मी सुरुवातीपासून वाजवत नव्हते. मला येत नाही."

लाम्बियोत सर उभे राहिले, लालबुंद. "मीच सांगितलं होतं तिला."

 मग मादाम वोतले शांतपणे म्हणाल्या, "मग आता वाजव, पेरीन. तेवढा तुकडाच. सोळा ठोके."

त्यांना माझं भलंच करायचं होतं हे मला कळत होतं. मी उभी राहिले. जबडा सैल, जबडा सैल, असं स्वतःला बजावलं. सहा ठोके चांगले गेले. खरंच चांगले, मला ऐकू आले. सातव्याला मला आनंद झाला, आनंदाने मी दात आवळले, आणि ती किंचाळी हॉलभर गेली. मी थांबले नाही. पुढचे सगळे वाजवले, निम्मे हवेचे, निम्मे बदकाचे. शेवटी कुणीतरी फिसकन हसलं आणि त्याला कोपराने ढोसल्याचंही ऐकू आलं.

"नियम मी केलेला नाही गं," मादाम वोतले म्हणाल्या आणि टोपी परत खोक्यात ठेवली. आई उठून माझ्याकडे येऊ लागली. मी मानेनेच नको म्हटलं.

मी सॅक्सोफोन घेऊन सिडोनीपुढे गेले. ती बसली होती, हातात जेवणाआधीच उचललेलं सॉसेज, बोटं तेलकट. तिची आई म्हणाली, "आज नको हं, उद्या." मी म्हटलं, "आजच. हात धुऊन ये जा."

ती पळत धुऊन आली. मी तिच्या गळ्यात पट्टा घातला. "दात लावायचे नाहीत," मी सांगितलं. "ओठ मऊ. जोर नाही द्यायचा. बशीतलं सूप निवायला फुंकतेस ना, तेवढंच." हे सगळं मला तोंडपाठ होतं. तिची बोटं छोटी, म्हणून कळांवर एकेक करून मीच बसवली.

तिने फुंकलं. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा खालचा दो आला, गोल, जाड, सरळ, आणि टेबलावरचे पेले बारीक वाजले. सगळ्यांनी माना वळवल्या. लाम्बियोत सरांनी खाली पाहिलं.

"निघाला!" सिडोनी मला म्हणाली. "सोप्पं आहे की गं!"

पट्टा तिला फार लांब होता. वाद्य गुडघ्यापर्यंत घसरत होतं आणि बकलाचं शेवटचं भोकसुद्धा पुरत नव्हतं. ती म्हणाली, "अजून एकदा, अजून एकदा," आणि मी तिच्या मागे उभी राहून पट्टा वर ओढून धरला, जेवण वाढेपर्यंत.