पाटाचे दुसरे टोक

शके १९१५, भाद्रपद शुद्ध चतुर्दशी, बुधवार. इंग्रजी कालगणनेप्रमाणे २९ सप्टेंबर १९९३. स्थळ हैदराबाद, मोहल्ला बरकतपुरा, नामदेवरावांच्या भाड्याच्या घराची पुढची खोली. युरोपातील विजेत्या फुटबॉल क्लबांच्या बाद पद्धतीच्या स्पर्धेत पहिल्या फेरीचा परतीचा सामना त्या रात्री या खोलीत पाहिला गेला. स्थळकाळाचा हा तपशील इतक्या काटेकोरपणे देण्याचे कारण असे, की चतुर्दशीच्या रात्री नामदेवराव हैदराबादेत असण्याची ती आयुष्यातील पहिलीच वेळ होती.

नामदेवराव मूळचे उमरग्याकडचे. तेरणाकाठच्या एका शेतकरी घरातील धाकटे भाऊ. निजामाच्या अमदानीत शिकायला म्हणून हैदराबादला आले, सरकारी खात्यात चिकटले, आणि खात्याच्या संघात फुलबॅक म्हणून पुष्कळ वर्षे खेळले. गोल करणारे लोक त्यांना फारसे आवडत नसत. गोल होऊ न देणे हे पुरुषार्थाचे काम आहे असे त्यांचे मत होते, आणि निवृत्तीनंतर गुडघे गेले तरी ते मत शाबूत राहिले. दोन वर्षांपूर्वी देशाची दारे उघडली असे वर्तमानपत्रे लिहीत होती. बरकतपुऱ्यापुरते बोलायचे तर ती दारे एका गच्चीवरच्या तबकडीतून उघडली. तिथून निघालेली काळी तार कडुनिंबाच्या फांद्यांवरून नामदेवरावांच्या खिडकीत उतरली, आणि ज्या मैदानांची त्यांनी आयुष्यभर केवळ वर्णने वाचली होती ती मैदाने त्यांच्या लोखंडी कपाटाशेजारी हिरवीगार उजळू लागली.

त्यांचा सोबती म्हणजे वरच्या मजल्यावरचे अरविंद. पुण्याचे, एका संगणक कंपनीत वरच्या हुद्द्यावर, आणि कोणतेही विधान तपासल्याशिवाय मान्य न करणारे. स्पर्धेच्या पहिल्या फेरीचे दोघांनाही विशेष प्रेम होते. कारण लहानसहान देशांचे विजेते याच फेरीत दिसतात, दुसऱ्या फेरीपर्यंत ते बहुधा उरत नाहीत. त्या वर्षी उत्तरेकडच्या एका थंड देशातील संघ त्यांच्या डोळ्यांत भरला. त्याचा गोलरक्षक शाळेत शिकवतो असे समालोचकाने सांगितल्यापासून नामदेवरावांनी त्या संघाचे नाव 'मास्तर' ठेवले. आणि समोरच्या बलाढ्य, श्रीमंत संघाचे, हैदराबादच्या रिवाजाला धरून, 'नवाब'.

पहिला सामना पंधरवड्यापूर्वी नवाबांच्या मैदानावर झाला, आणि मास्तरांनी तिथे एक-एक अशी बरोबरी साधली. परतीचा सामना मास्तरांच्या गावी, बरोबर चतुर्दशीला. दोन्ही सामन्यांचे गोल मिळून बरोबरी झाली, तर परक्या मैदानावर ज्याने जास्त गोल केले तो संघ पुढे जातो असा नियम होता. म्हणजे मास्तरांनी आपल्या घरी नुसते दार लावून धरले, एकही गोल होऊ दिला नाही, तरी पुरे होते. फुलबॅकला याहून मोठा सण कोणता?

परंतु त्या घराचा एक दुसराही सण होता. गावी थोरले बंधू एकनाथराव यांच्या घरी गणपती बसे, आणि विसर्जनाच्या वेळी मूर्तीचा पाट दोघा भावांनी धरून नदीपर्यंत न्यायचा, ही वडिलांनी घालून दिलेली रीत होती. एक टोक थोरल्याकडे, दुसरे धाकट्याकडे.

"एक वर्स नाही गेलो तर काय होतंय?" नामदेवराव पत्नीला म्हणाले.

चतुराबाई गाठोडे बांधत होत्या. "मला काय इचारता? भावजींना इचारा. पाट काय तुमचा तो शाळामास्तर धरणार हाय का?"

"गाव काय पळून चाललंय का? पुढल्या वर्साला जाऊ की. हा सामना पुन्हा व्हायचा नाही."

"हौ, हौ. गणपती दरवर्सी येतोय, बॉलच तेवढा येत नाही." त्यांनी गाठ आवळली, आणि मग, थट्टेचा सूर किंचित खाली आणून, म्हणाल्या, "चला की. भावजींच्या सुनेचं बाळ बी बघणं होईल."

नामदेवरावांनी वर्तमानपत्राची घडी उलगडली. याचा अर्थ लावायला चतुराबाईंना कधीच वेळ लागत नसे.

"बरं, नक्को येऊ. मी जाते. घरचं एक माणूस तरी पाहिजे तिथं. डब्यात चटणी हाय, भाकरी वरच्या साहेबांना मागू नका, त्यांना येत नाहीत."

चतुर्दशीच्या सकाळी अफझलगंजजवळच्या बसस्थानकावर त्यांनी पत्नीला खिडकीची जागा मिळवून दिली. बस हलली तेव्हा चतुराबाईंनी हात बाहेर काढून काहीतरी विचारले. गलबल्यात ते ऐकू आले नाही. नामदेवरावांनी उगाच मान डोलावली.

सामना मध्यरात्रीनंतर सुरू झाला. त्याचे वर्णन करण्यासारखे फारसे काही नाही, कारण त्यात काहीच घडले नाही, आणि काहीच न घडणे हेच त्याचे सौंदर्य होते. नवाबांनी लाटेमागून लाट आणली. मास्तर दार लावून उभे राहिले. शेवटच्या काही मिनिटांत नामदेवराव खुर्चीवरून उठून पडद्याशी गेले आणि बचाव करणाऱ्या एका टकल्या गड्याला हळू आवाजात मराठीतून सूचना देऊ लागले. शिट्टी वाजली तेव्हा फळा कोराच होता.

"जिंकलो," नामदेवराव म्हणाले.

"जिंकलो कसे?" अरविंदांनी लगेच हरकत घेतली. "दोन सामने, दोन्ही बरोबरीत. मास्तर एकदाही जिंकलेले नाहीत. नियमाने त्यांना पुढे ढकललं एवढंच. आणि तो नियम तरी कोणत्या न्यायाचा? गोल तो गोल. परक्या मैदानावरचा जड आणि घरचा हलका, हे कोणत्या तराजूत?"

"अरविंदराव, तुम्ही कधी परक्या मैदानावर खेळलात का?"

"मी कुठल्याच मैदानावर खेळलेलो नाही. त्याने मुद्द्याला बाध येत नाही."

"येतो. आपल्या घरी कुणी बी वाघ असतंय. दुसऱ्याच्या दारी जाऊन उभं राहणं, तिथं आपलं काहीतरी ठेवून येणं, त्याला किंमत जास्त. जो जातो त्याचं जास्त धरायचं, एवढाच नियम हाय."

अरविंदांना हे पटले नाही. वाद चहावर चालला, चहा संपल्यावरही चालला. पहाटे चारच्या सुमारास फडताळातील भांडी किणकिणली आणि छताचा पंखा, बंद असून, डोलू लागला.

"ट्रक गेला वाटतं."

"ट्रक इतका वेळ जात नसतो," अरविंद म्हणाले, आणि दोघे गल्लीत आले. गल्ली माणसांनी भरली होती. जलजला आला, भूकंप झाला, असे कोणी म्हणत होते. कोणी हसत होते. भिंतींना कुठे तडा नव्हता. थोड्या वेळाने सर्वजण घरात गेले. नामदेवराव अंथरुणावर पडले ते मास्तरांच्याच आनंदात, आणि त्यांना गाढ झोप लागली.

सकाळी रेडिओने उमरगा आणि औसा या तालुक्यांची नावे घेतली.

नामदेवराव लगेच गावाकडे निघाले, अरविंद बरोबर गेले. हुमनाबादमार्गे दोघे बसने उमरग्याला पोचले. उमरग्याहून एका जीपने त्यांना पुढे सोडले. पाऊस पडत होता. जिथे गाव दिसायला हवे होते तिथे दगडमातीचा एक लांबलचक ढीग होता, आणि त्यावर माणसे हातांनी माती उपसत होती. त्या भागातील घरे माळवदाची. जाड दगडी भिंती, वर लाकडी तुळया, आणि तुळयांवर हातभर मातीचा थर. उन्हाळ्यात हे घर विहिरीसारखे थंड असे. आता त्याच तुळया ओढून काढून सरणे रचली जात होती, कारण दुसरे लाकूड नव्हते.

एकनाथराव देवळापुढच्या मोकळ्या पटांगणात बसलेले सापडले. विसर्जनानंतर पुरुष मंडळी तिथेच भजनाला बसली होती आणि तिथेच आडवी झाली होती. म्हणून ते वाचले, त्यांचा मुलगा वाचला. त्यांची पत्नी पद्माबाई आणि चतुराबाई मोठ्या घरात शेजारी शेजारी अंथरूण घालून झोपल्या होत्या. दोघी जावा वर्षाने भेटल्या होत्या. बराच वेळ बोलत असतील.

चतुराबाईंच्या अंगावर जखम दिसत नव्हती. केसांत मात्र माती होती. नामदेवराव ती बोटांनी काढीत राहिले. शेवटी कोणीतरी त्यांना हात धरून बाजूला नेले, कारण मागे इतरही होते.

बाजूला नेले तेव्हा त्यांना ती खोली दिसली. मोठ्या घरापुढे, अंगणाच्या कडेला, पत्र्याची एक खोली होती. शहरातून येणाऱ्या धाकट्या भावाला आणि भावजयीला निवांत झोपता यावे म्हणून एकनाथरावांनी ती काही वर्षांपूर्वी बांधली होती. दरवर्षी दोघे तिथेच झोपत. सगळे गाव आडवे झाले होते, आणि ती खोली, हलक्या पत्र्यांची, चारी बाजूंनी उभी होती. दारात एकनाथरावांची सून गंगू बाळाला पदराखाली घेऊन बसली होती.

"काकी म्हणल्या, मी एकलीच हाय, मला कशाला खोली," गंगू जमिनीकडे पाहत म्हणाली. "बाळ रडत होतं. बाळंतिणीला वारं लागू दे म्हणल्या. त्यांनीच माझं अंथरूण इथं आणून टाकलं, काका."

नामदेवरावांनी मान डोलावली. बसस्थानकावर डोलावली होती तशीच.

ते हैदराबादला परतले नाहीत. दहावे-तेरावे झाले, सरकारी तंबू आले, दसरा कोणाच्या लक्षात न येता गेला. दिवाळी जवळ आली तेव्हा अरविंद त्यांना नेण्यासाठी पुन्हा गावी आले. मधल्या काळात दुसऱ्या फेरीत मास्तर दोन्ही सामने हरून घरी गेले होते. हे सांगावे की नाही याचा अरविंदांनी बसमध्ये विचार केला होता, परंतु नामदेवरावांनी विचारलेच नाही.

पत्र्याच्या खोलीपुढे दोघे भाऊ आणि अरविंद बसले. आत बाळ झोपले होते. अरविंद आल्यापासून नामदेवराव एकच वाक्य फिरवून फिरवून बोलत होते.

"मी आलो असतो तर आम्ही या खोलीत झोपलो असतो."

अरविंदांनी या वाक्याचे उत्तर तयार करून आणले होते. प्रत्येक पायरी त्यांनी तपासली होती, आणि ते हळू, स्पष्ट, जवळजवळ कोमल आवाजात बोलले.

"नामदेवराव, ते खरं आहे असं धरून चालू. तुम्ही येता, तर तुम्ही दोघं इथे. मग गंगू आणि बाळ आत. म्हणजे वहिनी राहिल्या असत्या आणि ही दोघं गेली असती. तुमच्या न येण्याने एक जीव गेला असं म्हणायचं असेल, तर त्याच न येण्याने दोन वाचले हेही म्हणावं लागेल. एक घेऊन दुसरं टाकता येणार नाही. आणि खरं पाहता यातलं काहीच तुम्ही केलेलं नाही. जमीन हलणार हे कोणाला ठाऊक होतं? ज्याला ठाऊक नाही त्याला दोष नाही. तुम्ही फक्त एक सामना पाहायला थांबलात."

युक्तिवादात कुठेही फट नव्हती. गंगू दाराआड उभी राहून ऐकत होती. तिने पदर तोंडाला लावला. नामदेवरावांनी थोरल्या भावाकडे पाहिले. लहानपणी भांडण झाले की निवाड्यासाठी ते असेच पाहत.

"अण्णा, तुमी सांगा."

एकनाथराव पंचाहत्तरीचे. पत्नी गेल्यापासून ते फारसे बोलत नसत. त्यांनी अरविंदांचे सगळे बोलणे मान खाली घालून, मध्ये न अडवता, ऐकले होते.

"साहेब म्हणत्यात ते खोटं नाही," ते म्हणाले. "तू असतास तरी घर पडलंच असतं. कोण कुठं झोपलं, ते काय तुझ्या हातात नव्हतं. त्याचा बोल तुला नाही." ते थांबले. "पर इसर्जनाला मी पाट उचलला, तर दुसरं टोक धरायला कुणी नाही. पोरगं फुडं झालं. तर चतुरा म्हणाली, नको, मी धरते. बाया कुजबुजल्या. बाईमाणसानं पाट धरायचा नसतो, असं कुणीतरी म्हणलं बी. तिनं पदर खोचला आन् म्हणाली, मी त्यांच्या जागी आलेय. नदीपस्तोर धरला. पाण्यात शिरताना तिचा पाय घसरला, पर टोक सोडलं नाही. वर आल्यावर दोनदा रस्त्याकडं बघितलं. रातच्या गाडीनं येतील, बस निघताना मान डोलावलीय, म्हणाली."

अरविंदांनी मान वळवून रस्त्याकडे पाहिले.

नामदेवरावांचे दोन्ही हात गुडघ्यांवर उताणे पडले होते.

"बाकीचा हिशेब राहू दे, नामदेवा," एकनाथराव म्हणाले. "तू यायला पाहिजे होतंस."