गल्लीला नाही म्हणता येत नाही

त्या गल्लीत कोणी कोणाला नाही म्हणत नसे. शिडी मागा, साखर मागा, मुलासाठी नोकरी मागा, समोरचा म्हणायचा, "हो, बघू की." मग पुढचे काही दिवस तो माणूस दुसऱ्या रस्त्याने ये-जा करायचा.

त्यामुळे बाईंना निवेदनावर सह्या मिळवताना घाम गाळावा लागला नाही. नगरपालिकेने गल्लीतली वाचनखोली बंद करून तिथे कचेरीतल्या मोडक्या खुर्च्या रचायचं ठरवलं होतं. बाई शाळेतून निवृत्त झाल्यापासून रोज संध्याकाळी त्याच खोलीत मुलांना वाचायला शिकवत. गवंड्याची धाकटी लेक नुकतीच शब्दाखाली बोट न ठेवता अख्खी ओळ वाचायला लागली होती. तिच्या घरी पाय पसरायला जागा नव्हती, मग पुस्तक कुठे पसरणार? खोली गेली की पोरीचं वाचनही गेलं, हे बाईंना दिसत होतं.

निम्म्याहून जास्त घरांनी सही केली, तर नगराध्यक्षांनी भर सभेत उत्तर द्यायचं, असा नियम होता. बाईंच्या निवेदनावर सगळ्या घरांच्या सह्या होत्या. त्या ऐटीत सभागृहात गेल्या आणि पुढच्या बाकावर बसल्या. शेजारी यजमान, मागे गल्ली.

कारकुनाने निवेदन वाचलं. मग घसा खाकरून दुसरं निवेदन काढलं. ते खुर्च्यांच्या कंत्राटदाराचं होतं. जुन्या खुर्च्या हलल्याशिवाय त्याच्या नव्या खुर्च्या कचेरीत येणार नव्हत्या, म्हणून खोलीचं गोदाम कराच, अशी त्याने विनंती केली होती. खाली सह्या त्याच गल्लीच्या. सगळ्या घरांच्या.

बाईंनी मागे वळून पाहिलं. गल्लीने एकजात छताचा पंखा न्याहाळायला घेतला. यजमान चष्मा पुसू लागले.

"पहिली सही बाईंचीच आहे," कारकून म्हणाला.

सभागृहात खसखस पिकली. बाईंचे कान तापले. कंत्राटदार त्यांचाच जुना विद्यार्थी. दारात उभा राहून, बाई, तुमच्या सहीशिवाय सुरुवात कशी करू, असं इतक्या अदबीने म्हणाला होता की त्यांच्याच्याने त्याचं मन मोडवलं नाही. एका सहीने काय होतंय, असं त्यांना वाटलं होतं. तसंच ते प्रत्येक घराला वाटलं होतं.

नगराध्यक्षांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले. "बाई, यातलं मी खरं कोणतं समजू?"

बाई उठल्या. वर्गात एखादं पोर अडलं की त्या ओरडत नसत, ते कुठे अडलं ते शोधत. त्यांनी नगराध्यक्षांकडे नीट पाहिलं. हाही याच गल्लीत वाढलेला.

"साहेब, खोली खुर्च्यांना द्यायची, हे तुम्ही का कबूल केलंत?"

नगराध्यक्षांनी कंत्राटदाराकडे पाहिलं, मग टेबलाकडे. आवाज उतरला. "त्याने मागितली म्हणून."

आता मात्र पंखा बघणारेही हसले.

"बरं. मग आता मी मागते. खोली मुलांकडे राहू द्याल?"

"हो, बघू की," नगराध्यक्षांच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

या तीन शब्दांचं पुढे काय होतं, ते बाईंना जन्मभर ठाऊक होतं. त्या टेबलापाशी गेल्या, स्वतःच्या पेनचं टोपण काढलं आणि पेन त्यांच्यापुढे धरलं.

"बघू नका. लिहा. इथेच, सगळ्यांसमोर."

सगळं सभागृह पेनकडे बघत होतं. कोणी हातात पेन दिलं तर सही करायची, हे गल्लीच्या हाडीमासी खिळलेलं. नगराध्यक्षांनी 'वाचनखोली कायम' असं लिहून खाली सही ठोकली. शाई वाळायच्या आत कारकुनाने शिक्का मारला.

बाहेर पायऱ्यांवर कंत्राटदार पडेल चेहऱ्याने उभा होता. बाई, त्या जुन्या खुर्च्यांचं मी आता काय करू, तुमच्या ओसरीवर थोडे दिवस ठेवल्या तर चालतील का, असं त्याने अगदी हळू विचारलं.

दुसऱ्या दिवशी यजमान सकाळी दार उघडायला गेले, तर दार अर्धंच उघडलं. ओसरीवर आढ्यापर्यंत खुर्च्या.

"अगं, त्याला नाही म्हणता आलं नाही का तुला?" दोन्ही निवेदनांवर सही केलेले यजमान म्हणाले.

बाई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर पडायचा बेत करत होत्या. संध्याकाळी वाचनखोली उघडायची होती.