सीमेपलीकडचा कॉम्प्युटर

चंदनशेठने पहिला फटका वल्ह्याने हाणला आणि बाबलीचा पुढचा दात उडून थेट पेजेच्या टोपात पडला.

"शेठ, सोवळ्या पेजेत वशाट घातलास," बाबली रक्त थुंकत म्हणाला. मार खातानाही त्याला गंमत सुचायची, काय करणार! दुसरा फटका बरगडीत बसला.

गावपळण चालू होती. देवाने कौल दिला आणि अख्खा गाव कोंबड्या-कुत्र्यांसकट वेशीबाहेर माळावर राहायला आला. झावळ्यांच्या खोपी, तीन दगडांच्या चुली, पत्त्यांचे डाव. मागे गाव रिकामा, देवाच्या ताब्यात. रस्त्यावर आंब्याच्या टाळांचं तोरण बांधलेलं. देव परत बोलवत नाही तोवर त्याच्या पलीकडे कुणी पाऊल टाकायचं नाही.

भांडण होतं एका नावाचं. शर्मिलावहिनी घरात पाहुणे उतरवायची. सासूच्या नावाने वेबसाइट काढलेली, 'काशीची न्याहारी'. नवरा दर्यात गेला, त्याच्याबरोबर पासवर्डही गेला. वेबसाइटच्या नावाची मुदत संपली, नाव सुटलं आणि चंदनशेठने उचललं. मग लोक वहिनीच्या हातचं माशाचं तिखलं खायला म्हणून बुकिंग करायचे आणि पोचायचे शेठच्या बुरसट रिसॉर्टवर. शिव्या मात्र काशीच्या सुनेला! "सासूचा नाव घाण झाला. आता दारच लावतंय," वहिनी म्हणायला लागली होती.

पण आयतं मिळालेलं कोण जपतो? शेठही मुदत वाढवायला विसरला. बाबली असल्या सुटणाऱ्या नावांवर टपून बसणारा गडी. त्याने मोबाईलवरूनच एका कंपनीला सांगून ठेवलं, नाव सुटलं रे सुटलं की पकडा. आज ते सुटणार होतं, आता मुदत वाढवायचीही सोय उरली नव्हती. गप्प बसला असता तर तो बाबली कसला? काल त्याने शेठला फोन लावला, "शेठ, उद्या तुमच्या नावाचो बारावो आसा. जेवाक येवा."

शेठ आला. वल्हं घेऊन, आपल्या प्रीतम नावाच्या माणसाला घेऊन. आणि गावातले बापये नेमके खाडीवर माशांना गेलेले.

"रद्द कर!" शेठने बाबलीचं बोट धरून उलटं वाकवलं. कट् झालं. बाबली असा ओरडला की बांधलेले बैल उठून उभे राहिले.

"मोबाईल खंय आसा तुझो?"

शेठच्या प्रीतमने तो खिशातून काढला. शेठने घेतला आणि उकळत्या पेजेत बुडवला. "झाला तुझा नाव?"

आता खरं तर काहीच झालं नव्हतं. दिलेली ऑर्डर पेजेत थोडीच शिजते? पण शेठच्या डोळ्यांत बाबलीला दिसलं, हा आता थांबणार नाही. दुसरं बोट त्याच्या मुठीत होतंच.

"मोबाईलात काय नाय," तो कण्हला. "सगळा घरच्या कॉम्प्युटरात. तो चालू आसा. तो फोडलंस, तर नाव तुझा."

चुलीपाशी शर्मिलावहिनीने कान टवकारले. शेठने तोरणाकडे पाहिलं. पलीकडे रस्ता, सुनसान.

"प्रीतम, जा रे."

"शेठ, सीम आसा ती." प्रीतम मागे सरला. "आवशीची शपथ, मी जावचंय नाय."

शेठने त्याच्या मुस्काटात दिली, वल्हं टाकलं आणि तोरण तोडून आत धावला.

बायकांनी बोंब ठोकली. खाडीवरून बापये धावत आले. म्हातारे हरिश्चंद्र मानकरी सगळ्यांपुढे. तरणी पोरं आत घुसायला निघाली, तर त्यांनी काठी आडवी धरली. "भितर कोण जावचो नाय. भायर येतलोच मा तो?"

आतून दार फोडल्याचा आवाज आला. मग मडकी. मग शांत. बाबलीच्या घरात होतं काय? चार मडकी, एक दगडी रगडा, दोन गोधड्या आणि एक कोयता.

शेठ कोयता घेऊनच आला. "बाबल्या, तुझो मुडदो पाडतंय!" आंधळ्यासारखा धावत त्याने सीम ओलांडली आणि गावाच्या हातात सापडला. पहिली काठी मनगटावर बसली, कोयता उडाला. मग कुणाची कुठली काठी, मोजणार कोण? गुडघा फुटला, कान फाटला. शेठने रिसॉर्टची भिंत लोकांच्या वाटेत घातलेली, तिचाही हिशोब त्याच मारात निघाला. पाणी पाजा म्हणेपर्यंत मारलं, मग पाजलं. प्रीतमनेच त्याला गाडीत घातलं.

हरिश्चंद्र वळले. देवाची सीम मोडली होती. "ह्येका भितर धाडल्यान कोणी? तो देवाक जबाब देतलो, आणि माकाय."

बाबलीचं तोंड सुजून भोपळा झालेलं. एरवी मढ्यालाही हसवणारा माणूस, पण एक अक्षर काढलं नाही. तोंडाकडे बोट दाखवलं, तेही मोडकंच.

तेवढ्यात शर्मिलावहिनीचा मोबाईल वाजला. बाबलीने ऑर्डर तिच्याच नावावर घातली होती. तिने वाचलं, परत वाचलं, आणि पदर तोंडाला लावून त्याच्याशेजारी बसली.

"नाव इला, भावोजी," ती कुजबुजली. मग कपाळाला आठी घातली. "पण तुमच्या घरात कॉम्प्युटर कधी इलो?"

बाबलीने मोडकं बोट ओठांवर ठेवलं. वहिनीने हरिश्चंद्रांकडे पाहिलं, मग टोपातला मोबाईल बाजूला सारून डावभर पेज वाटीत ओतली. पेजेबरोबर दात आला.

"खावा गप," ती म्हणाली.